परत आलेले गाणे : नवोदित गीतकारांसाठी काही पायऱ्या

सांगली जिल्ह्यात बसून गाणे लिहिणाऱ्याने आपण आडरानात आहोत असे समजण्याचे कारण नाही. ग. दि. माडगूळकरांचा जन्म १९१९ साली आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे झाला, आणि महाराष्ट्र ज्यांना पठ्ठे बापूराव म्हणून ओळखतो ते श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. त्यांच्या आणि आपल्या काळात फरक आहे तो ऐकणारा किती लांब बसला आहे याचा. तमाशाच्या बोर्डावर लावणी उभी राहिली की ती लागली की पडली हे त्याच रात्री समोरच्या माणसांकडे पाहून कळत असे. आजचा नवोदित आपले गाणे फोनवरून पुण्या-मुंबईच्या संगीतकाराकडे पाठवतो, दोन निळ्या खुणा उमटलेल्या पाहतो आणि त्यानंतर तीन आठवडे काहीही घडत नाही. कधी एका ओळीचे उत्तर येते आणि त्या ओळीतून नेमके काय घ्यायचे हे न कळल्याने बहुतेकजण एक तर गाणे फाडतात किंवा उत्तर देणाऱ्याला नावे ठेवतात.

मी अठरा वर्षे गाणी लिहितो आहे आणि त्यांतील बहुतेक परत आलेली आहेत. मधली काही वर्षे मिरजेतील एका लहान ध्वनिमुद्रण कक्षात, भक्तिगीतांच्या आणि लोकगीतांच्या संचांसाठी आलेली इतरांची गाणी चाळण्याचे कामही मी केले, त्यामुळे नकार घेणे आणि नकार देणे या दोन्ही गोष्टी मला सवयीच्या आहेत. चाळणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर जे समजले ते लिहिणाऱ्याच्या खुर्चीत दहा वर्षे बसूनही समजले नव्हते. तुम्ही तुमचे गाणे दोनशे वेळा म्हटलेले असते आणि समोरचा ते पहिल्यांदा, बहुधा एकदाच ऐकणार असतो. व्यावसायिकाचा जवळजवळ प्रत्येक अभिप्राय, मग तो कितीही तुटक असो, त्या एका ऐकण्यात काय पोहोचले आणि काय वाटेत सांडले याची नोंद असतो. ती नोंद वाचायची कशी, हे पुढे पायरीपायरीने सांगितले आहे.

पाठवण्याआधी

नकारातून शिकायचे असेल तर तो नकार शिकण्याजोगा असला पाहिजे, आणि त्याची तयारी गाणे पाठवण्याआधीच करावी लागते. लग्नाच्या वरातीची गाणी काढणाऱ्या निर्मात्याकडे तुम्ही चिंतनपर विराणी पाठवली आणि ती परत आली, तर त्यातून तुमच्या लेखनाबद्दल काहीच कळत नाही. फक्त पत्ता चुकला एवढेच कळते. म्हणून प्रथम समोरच्याने गेल्या दोन-तीन वर्षांत काय काढले आहे ते ऐका, त्याला सध्या कशासाठी शब्द हवे आहेत हे शक्य असेल तर विचारा आणि एका वेळी एक, फार तर दोन गाणी पाठवा. आमच्याकडे एका गृहस्थांनी एकदा एकशेचार गाण्यांची बांधलेली वही पाठवली होती. त्यातली पहिली तीन आम्ही वाचली. चौथ्यापासून पुढे काय होते ते मला आजही ठाऊक नाही.

कागद एका पानाचा असावा, मुखडा (परत परत येणारे ध्रुवपद) आणि अंतरे (मधली कडवी) वेगळे दिसावेत, आणि सोबत तुमच्या आवाजातली साधी चाल फोनवर मुद्रित करून जोडावी. आवाज गोड नसला तरी चालतो. हाताने मांडीवर ठेका धरून म्हटलेले गाणे संगीतकाराला जे सांगते ते छापील पान सांगू शकत नाही, आणि तुमची चाल त्याला नको असली तरी शब्दांचे वजन तुम्ही कुठे धरले आहे हे त्याला कळते. चालीवर शब्द लिहायला सांगितले असेल, म्हणजे संगीतकाराने अर्थहीन बोलांवर गुणगुणलेली चाल तुम्हाला पाठवली असेल, तर शब्द त्याच चालीवर म्हणूनच परत पाठवावेत.

पुण्या-मुंबईला पाठवण्याआधी गाव सोडून जाण्याचीही गरज नसते. आपल्याकडे बहुतेक गावांत भजनी मंडळ आहे, आणि त्यातले पेटीवाले हे नवोदित गीतकाराला मिळू शकणारे सर्वांत कठोर व सर्वांत स्वस्त परीक्षक आहेत, कारण त्यांना न पाहिलेले शब्द समोर ठेवून लगेच गाण्याची सवय असते. माझे एक गाणे पाहून आमच्या गल्लीतल्या अण्णांनी एवढेच विचारले होते, "पोरा, ह्यात श्वास घ्यायचा कुठं?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अकरा शब्दांची ती ओळ कागदावर मला फार देखणी वाटत होती.

वही

पाठवलेल्या गाण्यांची एक वही ठेवावी. त्यात तारीख, गाण्याची आवृत्ती, कोणाला पाठवले, त्यांनी काय मागितले होते, आणि उत्तर आले तर ते जसेच्या तसे त्यांच्याच शब्दांत लिहावे. 'त्यांना आवडले नाही' असे लिहू नये. 'दुसऱ्या अंतऱ्यात मी हरवलो' असे त्यांनी म्हटले असेल तर तेच लिहावे, कारण आपले मन दुसऱ्याच्या वाक्याचे दोन दिवसांत भाषांतर करून टाकते आणि सहा महिन्यांनी आपल्याला फक्त अपमान आठवतो, वाक्य आठवत नाही. उत्तर आले नाही तर 'उत्तर नाही' असे लिहून किती दिवस वाट पाहिली ते नोंदवावे. मी सहा आठवडे थांबतो, एकदा विचारतो, आणि मग ते पान बंद करतो.

पहिले दोन दिवस

उत्तर आल्यावर दोन दिवस गाण्याला हात लावू नये. ही सूचना सभ्यतेची वाटेल, पण तिचे कारण व्यावहारिक आहे: पहिल्या दिवशी माणूस एक तर सगळे बदलतो किंवा काहीच बदलत नाही. त्या दोन दिवसांत फक्त एक काम करायचे, ते म्हणजे आभाराचा छोटा निरोप पाठवणे. 'आपण वेळ काढून ऐकलेत, आभारी आहे' इतका तो पुरे. त्यात गाण्यामागची भूमिका समजावू नये, ते कुणाकुणाला आवडले होते हे सांगू नये, आणि 'पण तुम्ही शेवटचा अंतरा नीट ऐकलात का' असे तर मुळीच विचारू नये. गाण्याबरोबर गीतकार प्रत्येक श्रोत्याच्या घरी जाऊन खुलासा करणार नसतो, म्हणून जे खुलाशाशिवाय पोहोचले नाही ते पोहोचले नाही असेच धरावे लागते.

समोरच्याने थोडे सविस्तर लिहिले असेल, तर चार-पाच दिवसांनी एक प्रश्न विचारता येतो, आणि तो ज्याचे उत्तर एका शब्दात देता येईल असा असावा. 'सुधारणा सुचवा' हा प्रश्न नव्हे, ते त्याच्यावर टाकलेले ओझे आहे. 'आपले लक्ष मुखड्यात सुटले की अंतऱ्यात?' हा प्रश्न आहे, आणि अशा प्रश्नांना व्यग्र माणसेही उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. 'हे बदलून पुन्हा पाठव' असे उत्तर हा नकार नाही. ते काम मिळाल्याचे लक्षण आहे, आणि तरीही दुखावून गप्प बसलेली मुले मी पाहिली आहेत. अशा वेळी दोन दिवसांचा नियम मोडावा आणि आठवड्याच्या आत नवी आवृत्ती पाठवावी.

एका ओळीचा अर्थ लावणे

संगीतकार, संयोजक, निर्माते यांचे अभिप्राय ठरावीक पाच-सहा वाक्यांत फिरत असतात. ती वाक्ये ऐकायला मोघम वाटतात, परंतु प्रत्येकाच्या मागे सहसा एखादी नेमकी अडचण असते आणि ती तपासून पाहता येते.

'मीटर हलतंय' हे त्यातले सर्वांत सोपे, कारण ते मोजता येते. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, अनुस्वार किंवा विसर्ग असलेल्या अक्षराच्या दोन, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात पडत असेल तर त्याआधीच्या ऱ्हस्वाच्याही दोन, एवढे धरून प्रत्येक ओळ मोजावी. पण मोजणी बरोबर येऊनही गाणे हलू शकते, आणि नवोदित नेमके इथे भांडतात. 'तुझी वाट मी' आणि 'वाट तुझी मी' या दोन्ही शब्दगटांच्या मात्रा आठच आहेत. केरव्याचा ठेका आठ मात्रांचा, चार-चारच्या दोन भागांचा असतो. पहिल्या रचनेत 'तुझी' तीन मात्रांत संपते आणि 'वाट'मधला 'वा' चौथ्या मात्रेवर सुरू होऊन पाचवीवर सांडतो, म्हणजे दुसऱ्या भागाची थाप एका अक्षराच्या पोटात पडते. दुसऱ्या रचनेत 'वाट तु' इथे चार मात्रा पुऱ्या होतात आणि थाप बरोबर 'झी'वर येते. हे आडवे जाणे मुद्दाम साधले तर गोड लागते. नकळत झाले तर गायक अडखळतो आणि संगीतकार 'हलतंय' म्हणतो.

'शब्द जड आहेत' याचा अर्थ संस्कृत शब्द काढा असा घेतला जातो, तो अर्धाच खरा आहे. जड म्हणजे तोंडाला जड. ओळीच्या आरंभी जोडाक्षर, लागोपाठ दोन कठोर व्यंजने, आणि जिथे स्वर लांबवायचा तिथे बंद, म्हणजे व्यंजनावर संपणारे, अक्षर या तिन्हींमुळे साधा मराठी शब्दही जड होतो. गायकाला 'आ', 'ए', 'ई', 'ओ' यांवर थांबता येते. 'अनावर' या शब्दावर थांबायला सांगितले तर तो 'अनावाऽर' असे काहीतरी करतो आणि शब्द मोडतो.

'कविता म्हणून चांगली आहे' हे वाक्य पुष्कळांना कौतुक वाटते आणि ते सहा महिने लोकांना सांगत फिरतात. त्याचा अर्थ असा की ऐकणाऱ्याला मुखड्याकडे परत यावेसे वाटले नाही. कवितेचा वाचक मागे वळून ओळ पुन्हा वाचू शकतो, श्रोत्याला ती सोय नसते, आणि म्हणून गाण्यात परत येण्याचे काम ध्रुवपदाने करायचे असते. तुमच्या प्रत्येक अंतऱ्याची शेवटची ओळ आणि लगेच मुखड्याची पहिली ओळ अशा जोड्या वेगळ्या कागदावर लिहून पाहा. ज्या जोडीत दुसरी ओळ पहिलीचे उत्तर, कारण किंवा विरोध वाटत नाही, तो अंतरा अजून गाण्याला जोडलेला नाही.

'दुसरा अंतरा तोच आहे' असे कुणी म्हटले तर दोन्ही अंतऱ्यांची जागा बदलून गाणे म्हणा. काहीच बिघडत नसेल, तर अभिप्राय बरोबर होता. पहिल्या अंतऱ्यानंतर काळ, माणूस, जागा किंवा बोलणाऱ्याची समजूत यांपैकी काहीतरी एक पुढे सरकलेले हवे.

'काहीतरी वेगळं हवं' हे सर्वांत वैताग आणणारे वाक्य. मी स्वतः ते किती वेळा लिहिले असेल याची मला लाज वाटते, पण ते का लिहिले जाते हे सांगतो. एका दुपारी वीस गाणी पाहिली आणि त्यातल्या चौदांच्या पहिल्या दोन ओळींत पाऊस, आठवण, श्वास आणि सखे हे चार शब्द कुठल्या ना कुठल्या क्रमाने आले, की पंधरावे गाणे कितीही प्रामाणिक असले तरी कान ते ऐकत नाही. वेगळेपण म्हणजे विचित्र विषय नव्हे. गाण्यात तुमच्या डोळ्यांनी पाहिलेली किमान एक वस्तू असावी, एवढाच त्या वाक्याचा अर्थ असतो.

राहिले 'सध्या गरज नाही'. त्याचा अर्थ बहुधा सध्या गरज नाही असाच असतो.

एक गाणे, तीन नकार

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर मी एक गाणे लिहिले. सांगलीत त्या दिवसांत आयर्विन पुलाच्या पाणीपातळीशिवाय कुणाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता, आणि आपण हे लिहिले नाही तर कोण लिहिणार अशा आवेशात मी होतो. मुखडा असा होता:

स्मृतीत माझ्या अजून जागे
महापुराचे दुःख अनावर

मात्रा मोजून पाहा. दोन्ही ओळींत सोळा आहेत, चार-चारचे तुकडेही नीट पडतात. मी हे तिघांना पाठवले. पहिल्यांनी 'शब्द जड आहेत' असे कळवले. दुसऱ्यांनी, जे स्वतः गातात, फोन करून सांगितले की 'शेवटचा स्वर धरायला जागा नाही.' तिसऱ्यांनी लिहिले, 'हे मी वर्तमानपत्रात वाचले आहे.' तिसऱ्या वाक्याचा राग यायला मला फार वेळ लागला नाही. घरात पाणी शिरलेल्या माणसाला हे ऐकवले जावे!

वहीत ही तिन्ही वाक्ये एकाखाली एक लिहिली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तिघांनी तीन वेगळ्या तक्रारी केल्या होत्या, तरी तिन्ही बोटे मुखड्याकडेच होती. अंतऱ्यांपर्यंत बहुधा कुणी गेलेच नव्हते. मग एकेक तक्रार तपासली. 'स्मृतीत' हा शब्द समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, जोडाक्षर घेऊन येत होता आणि आमच्या गल्लीत कुणी तो बोलण्यात वापरत नाही. 'दुःख'चा विसर्ग गाताना एक तर गळतो किंवा खोकल्यासारखा ऐकू येतो. 'अनावर'वर स्वर थांबत नाही. आणि वर्तमानपत्राचे म्हणाल तर 'महापुराचे दुःख' हे खरोखरच मथळ्याचे शब्द आहेत, त्यात माझ्या घराची भिंत कुठेच नाही.

भिंत हा शब्द असा रागाने डोक्यात आला आणि मग मी उठून भिंतीकडे पाहिले. पाणी उतरल्यावर राहिलेली मातकट रेघ पुसण्याचा उद्योग घरात कितीतरी दिवस चालला होता. पाच-सहा खाडाखोडींनंतर मुखडा असा झाला:

भिंतीवरती रेघ पुराची
पुसता पुसता राहुन गेली

मात्रा त्याच, सोळा आणि सोळा. चालही तीच ठेवली. 'राहून'चे 'राहुन' करावे लागले, तेवढी मोकळीक गाण्यात चालते. दोन्ही ओळी 'ई'वर उघड्या राहतात, आणि दुःख हा शब्द कुठेही नाही. दुसऱ्या नकारातले गायक गृहस्थ हे ऐकून काही बोलले नाहीत, त्यांनी ती ओळ फोनवरच परत म्हणून दाखवली. हे गाणे पुढे ध्वनिमुद्रित झाले नाही. ज्यांना ते आवडले त्यांच्याकडे तेव्हा पैसे नव्हते. परंतु नंतरची माझी जी चार गाणी घेतली गेली, त्यांचे मुखडे मी याच रीतीने तपासले होते.

या उदाहरणात आणखी एक बारकावा आहे. तिघांपैकी दोघांनी उपायही सुचवले होते. एकाने 'स्मृतीत'ऐवजी 'मनात' घाल म्हटले, दुसऱ्याने 'अनावर'ऐवजी 'अनावरा' चालेल म्हटले. दोन्ही मी मानले नाहीत. अभिप्राय देणाऱ्याने बोट कुठे ठेवले हे मी गांभीर्याने घेतो, पण औषध त्याने दिलेलेच घेतो असे नाही, कारण तो गाणे एकदा ऐकून बोलतो आणि दुरुस्ती करायला आतून माहिती लागते. मिरजेतले तंतुवाद्यांचे कारागीर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, लावतात तेव्हा घोडीवर तारेखाली असलेला दोरा केसभर पुढे-मागे सरकवत राहतात. गिऱ्हाईकाला आवाज बसका आहे एवढेच सांगता येते, दोरा कुठे न्यायचा हे कारागिरालाच ठरवावे लागते.

घरच्या घरी पहिले ऐकणे

व्यावसायिकाचे ते एक ऐकणे आपल्याला पूर्णपणे मिळवता येत नाही, पण त्याच्या जवळ जाण्याच्या काही रीती आहेत आणि प्रत्येक नवी आवृत्ती पाठवण्यापूर्वी त्यांतल्या दोन तरी कराव्यात.

माझी सर्वांत आवडती रीत श्रुतलेखनाची. गाणे फोनवर मुद्रित करून घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या शाळकरी मुलाला ऐकवावे आणि जे ऐकू येईल ते लिहून काढायला सांगावे. ओळ एकदाच वाजवावी. त्याने जिथे पेन थांबवले, जिथे भलताच शब्द लिहिला, जिथे दोन शब्दांचा एक केला, त्या जागा तुमच्या गाण्यातल्या खऱ्या खड्ड्यांच्या जागा आहेत. मुलांना मोठ्यांसारखा मान राखायची सवय नसते हा यातला आणखी एक फायदा. माझ्या भाचीने माझ्या 'तमात' या शब्दाचे 'टोमॅटो' केले होते, त्यानंतर मी तो शब्द कधीही वापरलेला नाही.

दुसरी रीत आठवणीची. कागद कपाटात ठेवून आठवड्यानंतर गाणे केवळ स्मरणातून पुन्हा लिहावे आणि मग दोन्ही प्रती शेजारी ठेवाव्यात. ज्या ओळी तुम्हालाच आठवल्या नाहीत त्या दुसऱ्याला एकदा ऐकून आठवण्याची शक्यता नाही. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झालेल्या गीतरामायणाबद्दल अशी आठवण सांगितली जाते की पहिल्या गीताचा कागद ऐनवेळी हरवला आणि माडगूळकरांना ते पुन्हा लिहून द्यावे लागले. आपण माडगूळकर नाही, म्हणून कागद हरवण्याची वाट न पाहता तो स्वतःच लपवावा.

नातेवाइकांना 'कसे वाटले' असे विचारू नये. ते 'छान' म्हणतात आणि त्यातून काहीही हाती लागत नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी 'काल मी ऐकवले त्यातले काय आठवते?' असे सहज विचारावे. मुखड्याचे दोन शब्द जरी परत आले तरी काम झाले आहे.

कोणता अभिप्राय बाजूला ठेवावा

दोन जाणकारांनी परस्परविरोधी सांगितले तर लगेच कुणाचेच ऐकू नये, तिसऱ्याची वाट पाहावी. अभिप्राय देणाऱ्याला वेगळ्याच प्रकारचे गाणे हवे होते असे दिसले, उदाहरणार्थ शांत गाण्यावर 'नाचायला येत नाही' असे उत्तर आले, तर ते वहीत लिहून सोडून द्यावे. आणि ज्यात गाण्याबद्दल एकही शब्द नसून फक्त तुमच्याबद्दल शेरे आहेत तो अभिप्राय वहीतही लिहू नये.

आपल्या भागातल्या गीतकारांपुढे येणारा खरा पेच बोलीचा आहे. एका गुऱ्हाळावरच्या गाण्यात मी 'चुलवाण' हा शब्द वापरला होता आणि मुंबईहून उत्तर आले की हा शब्द कुणाला कळणार नाही. सांगली-कोल्हापूरकडे उसाचा रस उकळणाऱ्या त्या भल्यामोठ्या चुलीला दुसरे नाव नाही, आणि 'भट्टी' लिहिले असते तर गाण्यातला वासच गेला असता. मी शब्द ठेवला, पण अभिप्राय फेटाळलाही नाही. त्याआधीच्या ओळीत जाळ आणि काहील (रस उकळण्याची मोठी कढई) आणली, म्हणजे न कळणाऱ्या शब्दाचा अर्थ श्रोत्याला शेजारून कळावा. पुढे ते गाणे दुसरीकडे घेतले गेले आणि चुलवाणाबद्दल कुणी विचारले नाही. मात्र एका गोष्टीत चूक आपलीच असते. मुखड्यात 'लई' आणि 'न्हाई', तर अंतऱ्यात 'अत्यंत' आणि 'नाही', अशी सरमिसळ झालेली गाणी मी चाळताना ढिगाने पाहिली. गाण्यात जो माणूस बोलतो आहे तो एकच असेल तर त्याची भाषाही एकच हवी, आणि असा आक्षेप आल्यास बोलीच्या अभिमानाची ढाल पुढे करू नये.

पैसे आणि कागद

गाणे वाचून सविस्तर मत देण्यासाठी कुणी अनुभवी गीतकार किंवा संगीतकार मोबदला घेत असेल तर त्यात गैर काही नाही. आधी दर ठरवावा आणि मत लेखी किंवा मुद्रित स्वरूपात मिळेल का ते विचारावे. पण मत देणारा आणि 'इतके हजार भरा, गाणे काढून देतो' म्हणणारा एकच असेल तर त्याचे कौतुक खिशाकडे पाहून केलेले असते. मी अशा एका कौतुकाला बळी पडलो आहे, रक्कम सांगत नाही.

स्वीकार झाल्यावर समोर येणारा करारही न वाचता सही करण्याइतके हुरळून जाऊ नये. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा असून त्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) समान वाटा गीतकाराला सोडून देता येत नाही. तो फक्त कायदेशीर वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेकडे सोपवता येतो. चित्रपटातील गाण्यालाही हेच लागू आहे, केवळ चित्रपटगृहातील प्रदर्शन त्यातून वगळलेले आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. गीताची नोंदणी सक्तीची नाही. करायची झाल्यास एका साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे. 'माझी कल्पना चोरली' अशी भीती बाळगून गाणी पेटीत ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की कायदा कल्पनेला नव्हे तर तिच्या शब्दरूपाला संरक्षण देतो, आणि तारखांसह ठेवलेली ती वही व पाठवलेल्या निरोपांच्या प्रती अशा वेळी उपयोगी पडतात.

पुन्हा पाठवणे

ज्याने नाकारले त्याच्याकडे तेच गाणे त्याने स्वतः मागितल्याशिवाय परत पाठवू नये. सुधारलेली आवृत्ती दुसरीकडे जाते, आणि पहिल्याकडे त्याच्या अभिप्रायाचा उपयोग करून लिहिलेले नवे गाणे जाते, तेही तीन-चार महिन्यांच्या अंतराने. सोबतच्या निरोपात जुन्या नकाराची एका वाक्यात आठवण द्यावी, उदाहरणार्थ: 'मार्चमध्ये आपण माझ्या गाण्यात शेवटचा स्वर धरायला जागा नसल्याचे सांगितले होते, या गाण्यात ती काळजी घेतली आहे.' चाळणाऱ्याच्या खुर्चीतून सांगतो, असा निरोप माझ्या हाती सहा वर्षांत दोनदाच आला, आणि दोन्ही वेळा मी ते गाणे दुपारच्या ढिगातून काढून सकाळी, कान ताजा असताना ऐकायला ठेवले. त्यातले एक घेतले, एक परत केले, आणि परत केलेल्यासोबत पहिल्यांदाच पानभर लिहिले.